ओढ्याकाठची लाल गाय

कोइनेटनं इंजिन बंद केलं, जीप उतारावरून आपसूक घरंगळू दिली आणि वाळक्या झुडपांच्या आडोशाला हळूच उभी केली. हॉल्बर्गबाईंनी मागच्या बाकावर उभं राहून छताबाहेर डोकं काढलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"कुठं?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"ओढ्याच्या अलीकडं, उंबराखाली बघा. सगळी मंडळी असतील."

आज त्यानं सिंहांचा माग काढलाच नव्हता. ते कुठं असणार हे त्याला काल संध्याकाळपासून ठाऊक होतं. दिवस मावळायच्या सुमारास बायकोचा फोन आला होता. गुरं ओढ्याकाठी चरत असताना सिंहांनी लाल गाय पाडली, थोरल्या भावानं, सिरोंकादादानं, ओरडून, भाला नाचवून त्यांना हुसकलं आणि उरलेली गुरं कशीबशी वस्तीवर आणली. लाल गाय म्हणजे त्यांच्याच घरची. पावसानं लागोपाठ पाठ फिरवल्यावर दूध देणारी तेवढी एकच राहिली होती. कोइनेट हळहळला, बायकोला धीर दिला, आणि फोन ठेवता ठेवता त्याच्या मनात आलं की उद्या सकाळी बाईंना कुठं न्यायचं हा प्रश्न तरी सुटला. असा विचार आल्याची त्याला जराशी लाज वाटली. पण आला होता खरा.

हॉल्बर्गबाई दर वर्षी स्वीडनहून यायच्या. आधी नवऱ्याबरोबर आणि तो गेल्यापासून एकट्या. हत्ती, बिबटे यांचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. त्यांना मकासी बघायची असे. मकासी म्हणजे स्वाहिलीत कात्री. त्या सिंहिणीचा उजवा कान तरुणपणी कुठल्याशा भांडणात असा फाटला होता की उघडलेल्या कात्रीसारखा दिसे. नाव कोइनेटनंच ठेवलेलं. तो ज्या लॉजवर काम करायचा त्याच्या जेवणघरात तिचा मोठा फोटो लावला होता, त्याखालीही तेच नाव होतं.

"झोपलेत सगळे," बाई म्हणाल्या. आवाजात हसू होतं. "पोटं भरलेली दिसतायत."

उंबराची दाट सावली रिकामी होती आणि सिंह उन्हात पडले होते. पोटभर खाल्लेला सिंह सावली सोडून उन्हात लोळत नाही. एकीचं डोकं ओढ्याच्या वाळूत रुतलं होतं आणि चारही पाय ताठ झाले होते. दोन बछडी एकमेकांवर पडली होती, कुणी लांबून भिरकावून दिल्यासारखी. गाईभोवती गिधाडं होती, पण त्यांची भांडणं नव्हती, उड्या नव्हत्या. पंख पसरून ती जमिनीला चिकटली होती.

त्यानं पुन्हा जीप सुरू केली.

"कोइनेट, इतकं जवळ कशाला? उठतील ना ते."

"बाई, तुम्ही जरा खाली बसा."

जवळ गेल्यावर पहिल्यांदा त्याला जाणवलं ते हे, की कसलाच आवाज नव्हता. मेलेल्या जनावराभोवती माश्यांचं घोंघावणं लांबूनच ऐकू येतं. इथं फाडलेल्या पोटाभोवती मेलेल्या माश्यांचा काळा सडा पडला होता. मांसाच्या घड्यांत जाड्या मिठासारखे गुलाबी खडे अडकले होते. बाजारात पिकावरच्या किडीसाठी मिळतं ते औषध. कुणीही मागावं, दुकानदार पुडी बांधून देतो.

मग मकासी हलली.

ती सगळ्यांपासून थोडी दूर होती. तोंडातून फेस गळत होता आणि मागचे पाय तिचे राहिले नव्हते. पुढच्या पंजांनी वाळू खरवडत ती बछड्यांकडे सरकायचा प्रयत्न करत होती. थोडी सरके, थांबे, मान टाकी, पुन्हा सरके. वाळूत तिच्या मागं ओढत आणलेल्या ओंडक्यासारखा पट्टा उमटला होता.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "कोइनेट, काहीतरी कर. पाणी तरी दे तिला."

"खाली उतरता येणार नाही, बाई."

त्यानं रेडिओवरून रेंजरांना कळवलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. मग दोघं तिथंच बसून राहिली, कारण सोडून जाणं दोघांच्यानंही होईना. बाई एकेकाकडे बघत त्यांची नावं घेऊ लागल्या. नवऱ्यानं काढलेल्या फोटोंत यातल्या कितीजणांचं बाळपण होतं. एका नावावर येताच त्या रडू लागल्या.

"कोण करतं असं? कोण माणूस असं करू शकतो?"

कोइनेट गाईच्या मांडीकडे बघत होता. कातड्यावर डाग दिलेली खूण अजून शाबूत होती. अर्धा गोल आणि त्यातून जाणारी तिरकी रेघ. तिचा लोखंडी ठसा त्याच्या बापानं लोहाराकडे बसून करून घेतला होता. डाग देताना वासरांचे पाय धरायचं काम सिरोंकाचं, आणि कोइनेट धूर डोळ्यात जातो म्हणून पळून जायचा.

"माहीत नाही," तो म्हणाला.

फोनवर बायकोनं शेवटी विचारलं होतं, "परत येतील का ते त्या गाईवर?"

"येणारच," तो म्हणाला होता. "एवढं मांस टाकून जातील होय? मकासी हुशार आहे. अंधार पडला की पिल्लांनापण घेऊन येईल. दादाला म्हणावं, उद्या त्या बाजूला फिरकू नकोस."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला होता. म्हणजे निरोप दादापर्यंत पोचला होता.

रेंजर आले, त्यांच्यामागून जंगली जनावरांची डॉक्टर आली. तिनं दुरूनच बंदुकीनं गुंगीचं औषध मारलं, मग जवळ जाऊन मकासीच्या पायातली शीर शोधली, नळी जोडली. एका रेंजरनं सलाइनची बाटली हातात उंच धरली. ऊन चढत गेलं. हात भरून आला की तो बाटली दुसऱ्याकडे देई. बाई जीपमधून उतरल्या नाहीत आणि पाणीही प्यायल्या नाहीत. दुपार व्हायच्या आत डॉक्टरनं नळी काढून घेतली आणि हातमोजे उलटे करत ती आपल्या गाडीकडे चालत गेली. जाताना कुणाकडेही बघितलं नाही.

रेंजरांच्या सार्जंट वाफुलानं गाईच्या मांडीवर काठी टेकवली.

"ही खूण कुणाची रे?"

"अशा खुणा बऱ्याच घरांच्या असतात, साहेब."

"तू मासाई ना? दुसऱ्याची गाय मैलभरावरून ओळखता म्हणे तुम्ही."

"बघून सांगतो."

"तू नकोस बघू." वाफुलानं काठी झटकली. "इथली मढी जाळून झाली की मीच जातो वस्त्यांवरून. फार लांबची नसेल. गाय काय उडत आली असेल?"

लॉजवर उतरताना हॉल्बर्गबाईंनी कोइनेटचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात थंड होते.

"तुझंही घरचंच माणूस गेल्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "मला कळतं."

त्यानं मान हलवली. मॅनेजरकडून मोटरसायकल मागून घेतली आणि तो वस्तीकडे निघाला. पायवाटेवर जिकडेतिकडे गुरांची हाडं पडली होती. सारा रस्ता तो दादाशी भांडत होता. दादानं काय म्हणायचं आणि आपण त्यावर काय म्हणायचं हे सगळं त्याच्या मनात तयार होतं. भाला घेऊन गेला असतास तर निदान माणसासारखं झालं असतं, असं तो म्हणणार होता. बछड्यांनी तुझं काय खाल्लं होतं, असं म्हणणार होता.

सिरोंका कुंपणाशी उकिडवा बसून काटेरी फांद्या एकमेकींत अडकवत होता. गुरं आत बसून होती. दिवसा या वेळेला ती कधी आत नसत. भाऊ मोटरसायकलवरून उतरलेला बघून त्यानं हातातला कोयता खाली ठेवला.

"जेवलास का?"

"दादा, काय केलंस हे?"

सिरोंका त्याच्याकडे बघत राहिला. उन्हानं आणि धुरानं त्याचे डोळे कायमचे लाल झाले होते. त्यात राग आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

"मेले का?"

"सगळे मेले. बछड्यांसकट."

"कात्रीवालीपण?"

"ती सगळ्यांत शेवटी गेली."

सिरोंकानं अंगठ्यात रुतलेला काटा दातांनी ओढून काढला आणि थुंकला.

"चांगली होती ती," तो म्हणाला. "माणूस दिसलं की वाट सोडायची."

"मग का मारलीस?" कोइनेटचा आवाज चढला. "रेंजर निघालेत. खूण बघितलीय त्यांनी. आत घालतील तुला, कळतंय का? वर्षानुवर्षं आत घालतील."

"आरडू नकोस. गुरं बिचकतात." सिरोंकानं पुन्हा फांदी उचलली. "आधी घरात जा. पोरांना भेट."

झोपडीच्या दाराशी थोरली मुलगी सिमालोई धाकट्याला कडेवर घेऊन येरझारा घालत होती. या वेळेला ती शाळेत असायची, पण आज घरी होती. तौता रडून रडून घसा बसल्यासारखा आवाज काढत होता. ती त्याला वाटीतून बिनदुधाचा चहा पाजायला बघत होती आणि तो तोंड फिरवत होता. बापाला बघून ती थांबली, हसली नाही.

त्याची बायको नैसुला उंबऱ्याला टेकून जमिनीवर बसली होती. दोन्ही हात कोपरापासून गुडघ्यांवर पुढं सोडलेले, पंजे अंगापासून लांब. कोइनेट आला तशी तिनं मान वर केली.

"बाळ रडतंय," तो म्हणाला. "घे ना त्याला."

"सिमालोई घेतेय."

"तिला नाही आवरत तो. तू घे."

"मी आज नाही शिवत त्याला."

तेव्हा त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. शेजारी राखेचा ढीग होता, ओल्या वाळूचा गोळा होता आणि पाण्याचा डबा उपडा पडला होता. या दिवसांत पाण्याचा एक डबा भरायला बायकांची अर्धी सकाळ जाते. तिच्या बोटांची पेरं सोलवटून लाल झाली होती. नखांच्या कडांना रक्त साकळलं होतं.

कोइनेट मोटरसायकलची किल्ली मुठीत धरून उभा राहिला. वाटेत जुळवलेलं बोलणं सगळं दुसऱ्याच माणसासाठी होतं.

"दादाला..." तो म्हणाला.

"दादांना काही माहीत नव्हतं. पाण्याला जाते म्हणून मी फडकं, डबा घेऊन निघाले. सकाळी सांगितलं त्यांना."

"एकटी गेलीस? सिंह असताना?"

"त्यांना हुसकलं होतं ना. अंधार पडल्यावर येतील असं तुम्हीच म्हणालात." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. "थोडा उजेड होता. तेवढ्यात उरकलं."

"औषध कुठनं आणलंस?"

"मागं कालवड नेली तेव्हाच आणून ठेवलं होतं."

सिमालोई रडत्या बाळाला घेऊन झोपडीमागं गेली. आवाज थोडा लांब झाला.

कोइनेट तिच्यासमोर खाली बसला. शेवटी त्याच्या तोंडून निघालं ते हे, "तू मला विचारलंस. आणि मी सांगितलं."

"हो. तुम्हाला त्यांचं सगळं माहीत असतं."

"नैसुला, त्यांच्यावर आपण जगतो. सिंह नाहीत तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर..."

"तौताला दात किती आलेत?" तिनं मधेच विचारलं.

त्यानं झोपडीमागं नजर वळवली.

"बघून नका सांगू."

त्यानं नजर मुठीतल्या किल्लीवर आणली.

"मकासी व्याली तेव्हा तुम्ही फोन केला होतात," नैसुला म्हणाली. "इकडून आवाज नीट येत नव्हता म्हणून मी त्या टेकाडावर पळत गेले. तौताला ताप होता तेव्हा. मला वाटलं, त्याची चौकशी करताय. तुम्ही म्हणालात, पिल्लं झाली, सगळी जगतील असं वाटतंय. किती खूश होतात तुम्ही. मग मी ताप काही सांगितला नाही."

गुरांपैकी एक खोल, कंटाळल्यासारखं हंबरलं. तिनं तिकडे बघितलं आणि पुन्हा हातांकडे.

"वाटेनं गुराखी गेले, ते सांगत होते. सलाइन लावलं म्हणे तिला?"

"लावलं होतं."

"तौताला जुलाब लागले तेव्हा दवाखान्यात सलाइन संपलं होतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज वारा कुठून आहे हे सांगावं तसं ती सांगत होती. "पिल्लं लगेच मेली का?"

कोइनेटला एकावर एक पडलेली बछडी दिसली. वाळूतला तो पट्टा दिसला.

"लगेच," तो म्हणाला.

"मला वाटलं होतं बरं वाटेल," ती म्हणाली. "आज दिवसभर वाट बघतेय."

पश्चिमेला धुळीचा लोट उठला. कुंपणाशी सिरोंका उभा राहिला, कपाळावर हात धरून त्यानं बघितलं आणि तो झपाझपा झोपडीकडे आला. आल्या आल्या दोघांच्या डोक्यावर उभा राहून बोलला, घाईघाईनं, गुरांना पाणी पाजायच्या पाळीबद्दल बोलावं तसं.

"ऐका. मी केलंय. तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही."

"नाही, दादा," नैसुला उठायला लागली.

"बस खाली. तू आत गेलीस तर या पोरांना कोण बघणार? हा?" त्यानं हनुवटीनं कोइनेटकडे खूण केली आणि तो नाकातून हसला. "ह्याला गाय कुठल्या तोंडानं खाते ते तरी आठवतंय का बघ. मला मागं कोण आहे? बायको गेली, पोर नाही. तिथं निदान दोन वेळा कुणी वाढेल तरी."

"दादा, मी केलं, मी सांगते. मला नाही हे..."

"गप! थोरला आहे ना मी?" त्याचा आवाज पहिल्यांदाच कापला. "एवढं ऐकायचं माझं." मग तो भावाकडे वळला. "तू काही बोलतोस का, कोइनेट?"

बोलायला जागा होती. गाडी अजून ओढ्याच्या वळणावर होती. दादा मुद्दाम थांबला होता, नैसुलाही त्याच्याकडे बघत होती. झोपडीमागं तौता थकून गप्प झाला होता, त्यामुळं सगळीकडे शांत होतं. कोइनेटनं कुंपणातल्या ताज्या फांद्यांकडे बघितलं. किती नीट बसवल्या होत्या दादानं, एकही काटा आतल्या बाजूला नव्हता.

"बरं," सिरोंका म्हणाला, जणू त्याला उत्तर मिळालं होतं.

वाफुला गाडीतून उतरला तो थेट गुरांकडेच गेला. काठीनं एका बैलाच्या मांडीवरची धूळ झाडली, खूण बघितली, वळला. तोवर सिरोंका त्याच्यासमोर येऊन उभा होता.

"मला शोधताय का, साहेब?"

"तू घातलंस औषध?"

"घातलं."

"कुठनं आणलं?"

"बाजारातनं. सगळे तिथनंच आणतात."

"आणि ते परत येतील हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" सिरोंका म्हणाला. "जन्म गेला माझा इथं."

वाफुलाची नजर मोटरसायकलवर गेली, मग झोपडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हिरव्या शर्टावर, त्यावर शिवलेल्या लॉजच्या नावावर. तो सावकाश चालत कोइनेटसमोर आला आणि त्यानं काठी सिरोंकाकडे रोखली.

"हा कोण तुझा?"

"भाऊ."

"सख्खा?"

"थोरला."

"आणि सकाळी तू म्हणालास, बघून सांगतो." वाफुला थकल्यासारखा हसला. त्याच्या कपड्यांना जळक्या मांसाचा वास येत होता. "बघितलंस ना आता? मग सांग. ह्यानंच केलंय?"

"साहेब," नैसुला म्हणाली. ती उभी राहिली होती. हात मागं लपवले होते. "साहेब, ते..."

"तिला काही माहीत नाही," कोइनेट म्हणाला. आवाज स्थिर होता, अदबशीर होता. पाहुण्यांशी बोलताना असतो तसा. "पाण्याला गेली होती ती. ह्यानंच केलंय."

सिरोंकानं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. त्यानं फक्त डोळे थोडे बारीक केले, लांबवर काहीतरी चाललेलं दिसावं आणि ते आपलं जनावर आहे की दुसऱ्याचं हे ठरवता येऊ नये तसे. मग त्यानं खांद्यावर पांघरलेलं लाल वस्त्र, त्याची शुका, नीट केलं आणि काठी घ्यायला हात पुढं केला.

"काठी राहू दे," वाफुलाबरोबरचा रेंजर म्हणाला.

"सवय आहे हो," म्हणत सिरोंकानं ती कुंपणाला टेकवून ठेवली. गाडीत चढताना रेंजरनं त्याचं डोकं छताला लागू नये म्हणून खाली दाबलं. तो आयुष्यात पहिल्यांदाच मोटारीत बसत होता. पाय कुठं ठेवायचे ते त्याला समजेना.

"गुरं सकाळपासून कोंडलीत," त्यानं खिडकीतून सांगितलं. कुणाला ते कळलं नाही. गाडी निघाली.

धूळ खाली बसेपर्यंत तिघं, झोपडीमागून पुढं आलेली सिमालोई धरून, तशीच उभी राहिली. मग कोइनेटनं कुंपणाच्या तोंडातली फांदी ओढून बाजूला केली आणि काठी उचलली. गुरांच्या मागं जाऊन त्यानं हाळी दिली. एकाही जनावरानं मान वळवली नाही. त्यानं जीभ टाळूला लावून लहानपणी काढायचा तो आवाज काढून बघितला, एका बैलाच्या पाठीवर काठी टेकवली. बैल शेपटी हलवून तिथंच उभा राहिला. बाकीची रवंथ करत गाडी गेली त्या दिशेला बघत होती.

नैसुला काही न बोलता त्याच्या शेजारून पुढं गेली. तिनं ओठ मुडपून बारीक, लांब शीळ घातली, शेवटी थोडी खाली उतरणारी, दादाची. गुरं एकामागून एक उठली. ती पुढं चालू लागली तशी तिच्यामागून हाडं वाजवत निघाली. सिमालोईनं बाळ बापाच्या हातात दिलं, आईच्या मागं पळत गेली आणि शेवटच्या गाईच्या शेपटीशी चालू लागली.

हातात आलेल्या अनोळखी माणसाकडे तौतानं क्षणभर बघितलं. मग पाठ ताठ करून, दोन्ही मुठींनी त्याच्या छातीला ढकलत त्यानं टाहो फोडला. कोइनेटनं त्याला खांद्यावर घेतलं, पुन्हा खाली घेतलं, दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पोराचं वजन काहीच नव्हतं.

गुरं ओढ्याच्या बाजूला वळली होती. थोडंफार गवत उरलं होतं ते तिकडेच. नैसुला मागं न बघता चालत होती. तिनं हात अजूनही अंगापासून लांब धरले होते. सिमालोई लाल धुळीत दिसेनाशी होत चालली होती. तिकडे नको, असं ओरडायला कोइनेटनं तोंड उघडलं. मग मिटलं. त्या बाजूला आता भिण्यासारखं काही नव्हतं.